किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, ऐरोली
ठाणे खाडीकाठी महाराष्ट्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाने उभारलेले निसर्गशिक्षण केंद्र. राज्याला सुमारे ७२० किमी. लांबीचा किनारा लाभला असून कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. ठाणे खाडीचा १६.९०५ चौ. किमी. भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला (पहा : रोहित), केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला (पहा : रामसर करार).

खाडीत तिवराचे प्राबल्य आहे. त्याची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर येतात. पानांतून बाहेर टाकलेले मीठ वाळल्यावर पानांवर पांढरे कण दिसतात व बोटाला खरखरीत लागतात. पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा हा स्पर्श विद्यार्थ्याला अधिक शिकवतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित दर्शनासाठी बोटफेरी निघते. तिची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरते, कारण ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात पक्षी खाद्य शोधतात.

खाडीतील रोहितांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधन चालते. २०२२ मध्ये काही पक्ष्यांवर उपग्रह-ट्रॅकर बसवण्यात आले (पहा : पक्षिस्थलांतर).

कांदळवन कक्षाच्या कामात किनाऱ्यावरील गावांचा वाटा मोलाचा आहे. २०१७ च्या उपजीविका योजनेतून खेकडापालन, कालवपालन व निसर्ग पर्यटनाला साहाय्य मिळते. जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित जलचर जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजनाही आहे (पहा : कांदळवने, सागरी कासव).