तंबू कुणाच्या जमिनीवर?

केनियातल्या मसाई मारात मराठी पर्यटकांचे गट घेऊन जाणं हे माझं काम आहे. कॅम्पच्या तंबूतला पलंग, लिहायचं टेबल आणि मागे जोडलेलं गरम पाण्याचं न्हाणीघर पाहून मंडळी हरखतात. कॅम्पला कुंपण नसतं आणि रात्री पाणघोडे चरायला नदीतून वर येतात. म्हणून जेवणानंतर अस्कारी, म्हणजे पहारेकरी, टॉर्च घेऊन प्रत्येकाला तंबूपर्यंत सोडतो. हा थाट कुठून आला, ते मी प्रत्येक गटाला पहिल्याच संध्याकाळी सांगते. तंबू कापडाचा असला तरी तो कुणाच्या तरी जमिनीवर उभा असतो. ती जमीन कुणाची, हे कळल्याशिवाय मारा कळत नाही.

सुरुवात आगगाडीपासून करावी लागते. 1896 मध्ये ब्रिटिशांनी मोंबासाहून रूळ टाकायला घेतले. 1899 मध्ये ते नैरोबीला आणि 1901 मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोचले. हे काम हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे 32,000 मजुरांनी केलं. त्यांतले जवळजवळ अडीच हजार तिथेच मरण पावले. या रुळांवरून गोरे शिकारी आणि वसाहतवाले आले. 1904 च्या नाताळात नैरोबीत नॉरफोक हॉटेल उघडलं आणि शिकारी मोहिमा तिथून निघू लागल्या. त्याच 1904 मध्ये करार करून मसाई पशुपालकांना रिफ्ट खोऱ्यातल्या उत्तम कुरणांवरून हलवलं गेलं. 1911 मध्ये दुसरा करार झाला आणि उत्तरेला लायकिपियात ठेवलेल्यांनाही गुरांसकट दक्षिणेकडे हाकलण्यात आलं. मसाई कोर्टात गेले. 1913 मध्ये दावा फेटाळला गेला. करार दोन राज्यसत्तांमधला असल्याने तो या कोर्टाच्या कक्षेत येत नाही, असं कारण देण्यात आलं.

शिकारी मोहिमांची ख्याती जगभर झाली ती 1909 मध्ये. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मुलगा कर्मिटसह मोंबासाला उतरले. त्यांना स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राण्यांचे नमुने जमवायचे होते. सगळा बंदोबस्त नैरोबीच्या न्यूलँड अँड टार्लटन या पेढीने केला. अडीचशेच्या आसपास हमाल होते आणि एकेकाच्या डोक्यावर साठ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 27 किलो ओझं. तंबू, बंदुकीच्या पेट्या, कातडी टिकवायला कित्येक मण मीठ, सगळं माणसांनी वाहिलं. रूझवेल्टांच्या पुस्तकांची पेटीसुद्धा एका हमालाच्या ओझ्याच्या मापात बसवलेली होती. रानात ऊन पाण्याची आंघोळ आणि पांढऱ्या कपड्यातला वाढपी ही आजच्या कॅम्पची ऐट त्याच काळातली आहे. ती ज्यांच्या डोक्यावरून आली, त्या हमालांची नावं मात्र क्वचितच कुणी लिहून ठेवली.

जनावरं पाहायला रात्रभर बसायचं, बंदूक न घेता, ही पद्धत न्येरीजवळच्या ट्रीटॉप्सने रूढ केली. एरिक शेरब्रुक वॉकर यांनी 1932 मध्ये पाणवठ्याकाठच्या एका प्रचंड उंबराच्या जातीच्या झाडावर लाकडी खोल्या बांधल्या. 1952 च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तिथे राहिल्या आणि त्याच रात्री वडिलांच्या मृत्यूने त्या राणी झाल्या. त्या वेळी सोबतीला होते आपले कुमाऊँचे जिम कॉर्बेट; 1947 नंतर ते न्येरीतच राहत होते. दोनच वर्षांनी, 1954 मध्ये, ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या माऊ माऊ बंडखोरांनी ट्रीटॉप्स जाळलं. जमिनीसाठी पेटलेल्या त्या लढ्यात राणीची आठवण जपणारं झाड वाचणं शक्य नव्हतं. 1957 मध्ये जवळच नवं ट्रीटॉप्स उभं राहिलं.

आता मारा. जाहिरातींत म्हणतात की इथलं विल्डबीस्टचं स्थलांतर अनादि काळापासून असंच चालू आहे. आज दिसतं त्या प्रमाणात ते जुनं नाही. 1890 च्या दशकात आपण जिला बुळकांडी म्हणतो त्या रोगाने पूर्व आफ्रिकेतली गुरं आणि रवंथ करणारी रानजनावरं झपाट्याने मारली. मसाईंवर उपासमार ओढवली. पुढे गुरांना लस टोचली गेली, तशी रानातली साथही हटली. 1960 च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1977 पर्यंत तेरा लाखांवर गेले आणि कोरड्या ऋतूत कळप सेरेंगेटीतून उत्तरेला, मारा नदीपार येऊ लागले. ज्या देखाव्यासाठी आपण जुलै-ऑगस्टमध्ये एवढे पैसे मोजतो, तो पशुपालकांच्या गुरांना दिलेल्या लसीची देणगी आहे.

1961 मध्ये माराचं अभयारण्य झालं आणि कारभार नारोकच्या स्थानिक कौन्सिलकडे गेला. त्याच दशकात कीकोरोक लॉज बांधलं गेलं. 1972 मध्ये मारा नदीच्या वळणावर गव्हर्नर्स कॅम्प सुरू झाला आणि कायम मुक्कामाच्या तंबूंची चाल पडली. 1974 मध्ये राष्ट्रीय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. मग आलं 1977. फेब्रुवारीत टांझानियाने केनियाची सीमा बंद केली, म्हणून नैरोबीहून निघालेला पर्यटक सेरेंगेटीला न जाता मारातच थांबू लागला. मे महिन्यात केनियाने शिकारीवर बंदी घातली, आणि शिकाऱ्यांचे तंबू कॅमेरेवाल्यांसाठी उभे राहू लागले. कॅम्प वाढत गेले. प्रवेशशुल्क कौन्सिलच्या तिजोरीत जाई, नफा कंपन्यांकडे. गुरं मात्र वेशीबाहेर आणि मसाई माणूस लाल शुका पांघरून नाचायला.

बदल घडला तो वेशीबाहेरच्या जमिनीवर. पूर्वी सामाईक असलेली कुरणं कुटुंबांत वाटली गेली, सातबारासारखे कागद हाती आले. 2005 पासून ओल किन्याई, ओलारे ओरोक, मारा नॉर्थ, नाबोईशो अशा ठिकाणी शेकडो जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले. पर्यटक येवोत न येवोत, ठरलेलं भाडं मालकाला मिळायचं, हे त्याचं मर्म. अशाच एका ठिकाणी, ओलारे मोटोरोगीत, तर सातशे एकरांमागे एकच तंबू असा नियम केला. याच काळात कोयाकीत वाटाड्यांची शाळा निघाली, आणि माझ्या गटांना सिंहाचा माग दाखवणारी मसाई मुलंमुली तिथून शिकून आली.

दोष यातही आहेत. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणून भाडं बायकांच्या हाती क्वचित येतं. चराईवर बंधनं आली, दुष्काळात ती बोचतात. 2020 मध्ये विमानं थांबली तेव्हा ठरलेल्या भाड्यातही कपात झाली. तरीही माझं मत पक्कं आहे : शंभर वर्षांत मसाईंना जमिनीचे मालक म्हणून वागवणारी कॅम्पची ही पहिली रीत आहे.

म्हणून माराचं बुकिंग करताना तंबूचे फोटो जरूर पाहा, पण तीन प्रश्नही विचारा. जमीन कुणाची आहे? भाडं मालकाच्या हाती थेट पडतं का? गाडी चालवणारा वाटाड्या कुठल्या गावचा? ज्या कॅम्पला याची सरळ उत्तरं देता येत नाहीत, तिथे राहू नका.