आठ पौंडांची इस्त्री आणि एक संग्रहालय

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या सेंटर स्ट्रीटवर ‘म्युझियम ऑफ चायनीज इन अमेरिका’ हे चिनी स्थलांतरितांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. त्याची सुरुवात १९८० मध्ये झाली. इतिहासाचे अभ्यासक जॅक चेन आणि कार्यकर्ते चार्ल्स लाय यांनी ‘न्यूयॉर्क चायनाटाउन हिस्टरी प्रोजेक्ट’ हा उपक्रम तेव्हा हाती घेतला. जुन्या पिढीतली माणसे एकेक करून जात होती आणि त्यांची पत्रे, छायाचित्रे, दुकानांच्या पाट्या कचऱ्यात फेकल्या जात होत्या. त्या वस्तू उचलून जपायच्या आणि हयात वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, असे कामाचे स्वरूप होते.

संस्थेच्या सुरुवातीच्या प्रदर्शनांपैकी एक लाँड्री व्यवसायावर होते. सुमारे आठ पौंड, म्हणजे साडेतीन किलोंहून अधिक वजनाची इस्त्री हे या धंद्याचे मुख्य हत्यार. दिवसभर उभे राहून ती फिरवायची, रात्री बहुधा दुकानाच्या मागच्या भागातच झोपायचे. कपड्यांच्या गठ्ठ्याला चिनी अक्षरांची चिठ्ठी लावली जाई आणि तिचा अर्धा भाग गिऱ्हाइकाकडे राही. या धंद्याला भांडवल थोडे लागे, इंग्रजी जेमतेम आले तरी भागे आणि गोऱ्या कामगारांशी थेट स्पर्धाही फारशी होत नसे. इतर कामांची दारे बंद झाल्यामुळे हजारो चिनी पुरुष इकडे वळले.

ही दारे कायद्याने बंद झाली होती. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या आंतरखंडीय रेल्वेमार्गावर हजारो चिनी मजूर राबले. पण १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली आणि आधीपासून राहणाऱ्या चिनी लोकांना नागरिकत्व नाकारले गेले. मजुरांना बायकोमुले आणणेही जवळजवळ अशक्य झाल्याने चायनाटाउन ही मुख्यतः एकट्या पुरुषांची वस्ती बनली. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या. तेव्हा अनेकांनी आपला जन्म इथलाच असल्याचे सांगून नागरिकत्वाचा दावा केला आणि कागदोपत्री दाखवलेल्या मुलांना चीनमधून आणले. अशा मुलांना गावातल्या घरांची रचना, नातेवाइकांची नावे घोकून तपासणीला सामोरे जावे लागे.

लाँड्रीवाल्यांवरही निर्बंध आले. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना सक्तीचा झाला. सुमारे दोनशे चिनी अर्ज फेटाळले गेले, बिगरचिनी अर्ज मात्र एक वगळता सगळे मंजूर झाले. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. न्यूयॉर्कमध्ये १९३३ मध्ये एकट्याने चालवायच्या लाँड्रीवर वर्षाला २५ डॉलर परवानाशुल्क आणि १,००० डॉलरचा जामीन लादण्याचा प्रस्ताव आला. त्याविरुद्ध लाँड्रीवाल्यांनी ‘चायनीज हँड लाँड्री अलायन्स’ ही संघटना उभारली आणि शुल्क १० डॉलरवर, तर जामीन १०० डॉलरवर आणवला.

१९४३ मध्ये बंदी उठली, पण वर्षाला जेमतेम १०५ जणांना प्रवेश ठरला. खरा बदल १९६५ च्या स्थलांतर कायद्याने झाला. याच कायद्यामुळे पुढे भारतातून, महाराष्ट्रातूनही, डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ शकले. चिनी समाजात कुटुंबे आली, कपडे धुण्याची यंत्रे घरोघरी पोचली आणि हातलाँड्र्या ओस पडल्या.

सुरुवातीला संग्रहालय मलबेरी स्ट्रीटवरील एका जुन्या शाळेच्या इमारतीत होते. २००९ मध्ये ते सेंटर स्ट्रीटवर आले. एका जुन्या यंत्रदुरुस्ती कारखान्याच्या जागेत माया लिन यांनी त्याची रचना केली. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारक त्यांचेच. त्यांचे आईवडीलही चीनमधून आलेले. मधल्या चौकात वरून उजेड येतो आणि विटांच्या भिंती गिलावा न करता तशाच ठेवल्या आहेत. लाँड्रीच्या वस्तूंबरोबर कँटनी संगीतनाटकांचे पोशाखही संग्रहात आहेत.

अभिलेखागार मात्र जुन्या शाळेतच राहिले होते. २३ जानेवारी २०२० च्या रात्री त्या इमारतीला आग लागली. तिथे सुमारे ८५,००० वस्तू होत्या आणि त्यांना आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याचा मोठा धोका होता. भिजलेले कागद बाहेर काढून सुकवण्यासाठी पाठवले गेले आणि संग्रहाचा बहुतांश भाग वाचला.