मँचेस्टरचा जर्मन गोलरक्षक

राष्ट्राचें पाप एका माणसाच्या माथीं मारावें काय, हा प्रश्न महायुद्धानंतर मँचेस्टर शहरांत फुटबॉलच्या मैदानावर उभा राहिला, हें वाचकांस नवल वाटेल.

बर्ट ट्राउटमन १९२३ सालीं ब्रेमेन येथें जन्मला. हिटलरच्या सैन्यांत तो छत्रीसैनिक होता. १९४५ सालीं तो इंग्रजांच्या हातीं सांपडला. १९४८ सालीं सुटका होतांच मायदेशीं न परततां तो इंग्लंडांतच राहिला. पुढील सालीं मँचेस्टर सिटी संघानें त्यास गोलरक्षक नेमिलें, तेव्हां निषेधाचें काहूर उठलें. अशा वेळीं ज्यू धर्मगुरु अलेक्झांडर आल्टमन यांनीं जाहीर पत्र लिहिलें, कीं राष्ट्राच्या अपराधाची शिक्षा एका व्यक्तीस देऊं नये. आल्टमन स्वतः जर्मनींतून परागंदा झालेले. त्यांच्या मातापित्यांचा बळी नाझींनींच घेतलेला!

१९५६ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत टक्कर होऊन ट्राउटमनची मान मोडली. तरीहि उरलेलीं सुमारें १७ मिनिटें त्यानें गोल राखला, व सिटीनें बर्मिंगहॅमवर ३-१ असा जय मिळविला. मान मोडल्याचें काहीं दिवसांनीं क्ष-किरणांनीं उघड झालें. १९६४ पर्यंत तो त्या संघाकडून ५४५ सामने खेळला.

मोडक्या मानेची ती कथा सर्वतोमुखीं झाली. आम्हांस मात्र त्या पत्राचें धैर्य अधिक मोठें वाटतें. कारण परक्यास आपलें म्हणण्याचा उच्चार, ज्याचें सर्वस्व गेलें, त्यानें केला.