आल्फा, बीटा आणि आईचा पंप

दमा उसळला की आई पंप ओढते. छाती मोकळी होते, पण हात थरथरतात. त्या भीतीने ती पंप टाळू लागली. औषध छातीचे, मग थरथर हाताला का? या प्रश्नाने मला १९४८ सालापाशी नेले.

ॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मात्र सैल करते, हे तेव्हा कोडेच होते. शरीरात दोन वेगळी द्रव्ये तयार होतात, असे वॉल्टर कॅननसारखे दिग्गज मानत. अमेरिकेतील जॉर्जियाचे रेमंड अल्क्विस्ट यांनी सारख्या घडणीची काही अमाइन्स निरनिराळ्या अवयवांवर तपासली. प्रभावाचे दोनच क्रम निघाले: एकात ॲड्रेनॅलिन पहिले, दुसऱ्यात आयसोप्रिनॅलिन. म्हणजे फरक द्रव्यात नव्हता, ते स्वीकारणाऱ्या ग्राहींत होता. त्यांना अल्क्विस्टनी आल्फा आणि बीटा म्हटले. एका नियतकालिकाने हा निबंध नाकारला, दुसऱ्याने छापला.

आयसोप्रिनॅलिन दम्यावर चाले, पण हृदयालाही पळवी. पुढे बीटाचेही दोन प्रकार निघाले. १९६९मध्ये इंग्लंडात डेव्हिड जॅक यांच्या चमूचे साल्ब्युटामॉल आले. ते मुख्यतः श्वासनलिकेतल्या बीटा-दोन ग्राहींवर काम करते. तेच ग्राही हातांच्या स्नायूंतही असतात.

हे कळल्यावर आईने पंप पुन्हा उशाशी ठेवला.