घंटा कोणाला बोलावते?

वाईजवळची मेणवली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि घाटावर टांगलेली ती मोठी घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधून ज्या घंटा आल्या त्यांतली ही एक, असं सांगतात.

अशा घंटेच्या नादाला इंग्रजीत 'पील' म्हणतात. फळाची साल काढतात तो 'पील' नव्हे हं! उच्चार तोच, पण स्पेलिंग आणि कूळ वेगळं. हा शब्द ढगांनाही चालतो आणि मोठ्यानं हसण्यालाही. आपण मराठीत कानावर भरवसा ठेवतो: घंटेचा घणघणाट, ढगांचा गडगडाट, टाळ्यांचा कडकडाट. 'पील' मात्र आवाजाची नक्कल नाही. लॅटिन 'अपेलारे' म्हणजे हाक मारणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'अपेल' झाला, आणि इंग्रजीत येऊन सुरुवातीचा 'अ' गळला, असं कोशकार मानतात. आधी अर्थ होता प्रार्थनेला बोलावणारी घंटा. पुढे बोलावणं विसरलं, नाद तेवढा राहिला.

आणि ज्याचा 'अ' शाबूत राहिला, तो भाऊ? तो तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे: कोर्टातलं अपील!

साताऱ्याला हे वेगळं सांगायला नको. १८३९ मध्ये कंपनी सरकारनं छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची दाद मागायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. १८५३ पर्यंत ते तिथं कंपनीचे संचालक आणि पार्लमेंट यांचे उंबरठे झिजवत राहिले. दरम्यान १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले, १८४८ मध्ये राज्यही खालसा झालं. ज्यांच्या भाषेत घंटेचा नादसुद्धा मुळात हाक होती, त्यांच्या दरबारात ही हाक म्हणजे नुसता गोंगाट ठरली. हाक आणि गोंगाट यांतला फरक आवाजात नसतो, ऐकणाऱ्यात असतो.

मेणवलीच्या घंटेचंही तसंच. चर्चमध्ये ती माणसांना देवाकडे बोलावत होती. आपण पूजेत घंटा वाजवतो ती देवांनी यावं म्हणून. धातू तोच, नाद तोच. हाकेची दिशा तेवढी उलटली. सांगलीकरांनो, तीच कृष्णा पुढे तुमच्या घाटाला येते. वरती मेणवलीला गेलात, तर घंटा बघून परत फिरू नका. ती कोणाकोणाला बोलावत आली, याचा थोडा विचार करा.