नरो वा कुंजरो वा : डब्लिनच्या चर्चची गोष्ट

आजच्या भागात लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा विषय आहे, तेव्हा आपापल्या सोयीनं ऐका किंवा वाचा. गोष्ट आयर्लंडची, डब्लिनच्या कॅथलिक धर्मप्रांताची. अत्याचार कसे झाले यापेक्षा मला आज दुसरंच विचारायचंय. एकदा उडालेला विश्वास परत बसतो का? आणि बसला तर कशानं?

साल १९६०. डब्लिनच्या क्रमलिन भागातल्या मुलांच्या हॉस्पिटलात एक धर्मगुरू होता, आजारी मुलांना धीर द्यायला नेमलेला. त्यानं काढलेले फोटो धुवायला इंग्लंडला गेले. लॅबवाल्यांना त्यात दोन लहान मुलींचे नको तसले फोटो दिसले. प्रकरण स्कॉटलंड यार्डकडे आणि तिथून आयर्लंडच्या पोलीस प्रमुखाकडे आलं. त्यानं काय केलं? ते उचलून आर्चबिशप मॅक्वेड यांच्या हवाली केलं. माणूस चर्चचा, तर चर्चनंच बघावं! चर्चनं बघितलं म्हणजे झाकलं. त्याच वर्षी, त्याच हॉस्पिटलात, त्याच माणसानं १३ वर्षांच्या मारी कॉलिन्सवर अत्याचार केला.

पुढची पंचवीस वर्षं मारी गप्प राहिल्या. १९८५ मध्ये त्यांनी आपल्या चर्चमधल्या एका धर्मगुरूला सांगितलं, तर त्यानं अत्याचार करणाऱ्याचं नावसुद्धा विचारलं नाही, उलट चूक तुझीच असेल असं सुचवलं. १९९५ मध्ये त्यांनी पुन्हा धीर केला. १९९७ मध्ये तो माणूस दोषी ठरला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरा घाव याच्या पुढे आहे, असं मला वाटतं. निकालानंतर धर्मप्रांतानं जाहीर केलं की आम्ही पोलिसांना सहकार्य केलं. मारींनी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळालं, ‘पूर्ण’ सहकार्य केलं असं आम्ही कुठे म्हटलं होतं? अँड्र्यू मॅडन या दुसऱ्या पीडिताचंही तसंच. त्याला भरपाई देता यावी म्हणून धर्मप्रांतानं संबंधित धर्मगुरूला पैसे उसने दिले होते. आर्चबिशप डेझमंड कॉनेल मात्र पत्रकारांना म्हणाले की अशा कामाला धर्मप्रांताचा पैसा वापरला ‘जात नाही’. वर्तमानकाळ! ‘वापरला गेला नाही’ असं ते म्हणालेच नव्हते.

याला चर्चच्या जुन्या नीतिशास्त्रात नाव आहे : मेंटल रिझर्व्हेशन. वाक्य अर्धं बोलायचं, उरलेलं मनात ठेवायचं. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटल्यावर धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलीय.

२००४ मध्ये डर्मट मार्टिन आर्चबिशप झाले आणि त्यांनी एक रुक्ष, कारकुनी वाटेल असं काम केलं. हजारो कागद सरकारी चौकशी आयोगाला दिले. जानेवारी २००८ मध्ये त्यातले काही अडवायला खुद्द कॉनेल, तोवर निवृत्त कार्डिनल, हायकोर्टात गेले आणि महिन्याभरात मागे फिरले. २६ नोव्हेंबर २००९ ला मर्फी अहवाल आला. नमुन्यादाखल ४६ धर्मगुरूंची प्रकरणं तपासली होती. निष्कर्ष असा की निदान नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत चर्चला मुलांपेक्षा गुप्तता, अब्रू आणि मालमत्ता यांची काळजी जास्त होती. ‘पूर्ण’ शब्दावरून झालेला वादही त्यात नोंदलाय.

मग २० फेब्रुवारी २०११. डब्लिनच्या प्रो-कॅथेड्रलमध्ये पश्चात्तापाची प्रार्थना झाली. तिची आखणी अत्याचार सोसलेल्यांनीच बरीचशी केली होती. मार्टिन आणि बोस्टनचे कार्डिनल ओमॅली वेदीसमोर जमिनीवर पालथे पडून राहिले, एक शब्द न बोलता. अहवालांतले उतारे वाचले गेले. मग दोघांनी आठ पीडितांचे पाय धुतले. फोटो जगभर गेला तो याचाच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते न ठरवता घडलेलं. बसलेल्यांतून काही जण मध्येच उठले आणि आपली हकीकत सांगू लागले. ती तशीच ऐकून घेतली गेली.

विश्वास बसला का मग? सरळ रेषेत नाही. २०१४ मध्ये मारी कॉलिन्स पोप फ्रान्सिस यांनी नेमलेल्या बालसंरक्षण आयोगात गेल्या. मार्च २०१७ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडल्या. कारणांतलं एक ऐका. पीडितांच्या पत्रांना निदान उत्तर तरी पाठवा एवढीच विनंती होती, आणि व्हॅटिकनच्या एका खात्यानं तीही मानली नाही. लाखोंचा चर्चासमुदाय, रोमचं एवढं मोठं दफ्तर, आणि गाडं अडलं कुठे, तर पत्राच्या उत्तरावर!

ऑगस्ट २०१८ मध्ये पोप डब्लिनला आले. आठ जण त्यांना सुमारे दीड तास भेटले, मारी त्यांत होत्या. दोषी बिशपांसाठी २०१५ मध्ये जाहीर केलेलं खास न्यायासन काही होणार नाही, हे त्यांना तिथे पुन्हा ऐकायला मिळालं. भेटीला आलेल्यांत चर्चच्या माता-बालगृहांत जन्मून आईपासून तोडलेली माणसंही होती. त्यांचं मागणं एवढंच होतं, की हिरावलेल्या मुलांना शोधणं हे पाप नाही, असं आमच्या आयांना जाहीर सांगा. अशा कित्येक आयांना आयुष्यभर उलटंच शिकवलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी फीनिक्स पार्कमधल्या मिस्सेच्या वेळी पोपनी ते सगळ्यांसमोर सांगितलं.