आवाज फुटण्याआधी : संगीत नाटक मंडळ्या नट कसे निवडत

हल्ली एखाद्या संस्थेला संगीत नाटक बसवायचं असलं की ती जाहिरात देते आणि ऑडिशन ठेवते. एक पद आणि एक गद्य उतारा तयार करून यायचं. टेबलामागे तीन माणसं बसलेली असतात, पेटीवाला पट्टी विचारतो, आणि पाच-सात मिनिटांत निकाल लागतो. निकाल वाईट लागला तरी माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या नोकरीवर जातो. आज मला बोलायचं आहे ते हा शब्द मराठीत रुळण्याआधीच्या काळाबद्दल, म्हणजे साधारण १८८० ते १९३५. तेव्हा मंडळ्या गाणारा नट कसा निवडत आणि त्या निवडीत पणाला काय लागत असे?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आजची निवड एका भूमिकेसाठी असते. तेव्हाची निवड कंपनीसाठी, म्हणजे जवळपास आयुष्यासाठी असे, आणि पुष्कळदा ती एका लहान मुलाची असे. ऐकणारे आजचा आवाज ऐकत, पण पैज उद्याच्या आवाजावर लावत. पैज कंपनीची आणि हरायचं मुलानं, असा तो व्यवहार होता.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. त्या पहिल्या संचात निवड म्हणावी असं फारसं काही नव्हतं. अण्णासाहेब स्वतः सूत्रधार. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे गाणारे गडी. शकुंतला झाले शंकरराव मुजुमदार, तेच पुढे मंडळीचे व्यवस्थापक झाले. ओळखीतली, हौशी, वयानं वाढलेली माणसं ही. गाणारी नायिका मंडळीला खऱ्या अर्थानं लाभली ती भाऊराव कोल्हटकरांच्या रूपानं. अण्णासाहेबांनी त्यांना बडोद्याहून आणलं. १८८२ च्या 'सौभद्रा'त सुभद्रा झाले तेव्हा भाऊराव एकोणीस वर्षांचे होते. हे वय लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता, कंपनी म्हणजे काय हे डोळ्यांसमोर आणा. ती एक फिरती गृहस्थी होती. एका गावी मुक्काम, काही खेळ, मग सामान बांधून पुढचं गाव. जेवणखाण, राहणं, दुखणीखुपणी सगळं कंपनीत. आज 'सौभद्र', दोन दिवसांनी 'शाकुंतल', मग 'मृच्छकटिक'. त्यामुळे 'या भूमिकेला हा शोभेल का' हा प्रश्न दुय्यम होता. पहिला प्रश्न असा, की हा पोरगा आपल्यात राहील का, शिकेल का, आणि टिकेल का?

ऐकत काय होते? सूर लागतो का, गळा फिरतो का, हे तर झालंच. पण मायक्रोफोन नव्हता हे आपण विसरतो. मागच्या बाकापर्यंत पद पोचलंच पाहिजे आणि त्यातले शब्दही पोचले पाहिजेत. म्हणून उंच पट्टीत चढणारा, टोकदार, खणखणीत आवाज हवा असे. भाऊरावांची सारी कीर्ती अशा आवाजाची. मुलायम, गोड, पण खोलीपुरता आवाज तिथे बाद होत असे. मग रूप पाहायचं, कारण मुलाला बहुधा स्त्रीपार्ट करायचा. मग वाणी, कारण नायिकेच्या तोंडी संस्कृत वळणाचं गद्य. आणि पाठांतर, ज्याला आजच्या परीक्षकांच्या लेखी काही किंमत नाही, पण तेव्हा शंभरावर पदं तोंडात बसवायची असत.

एक गोष्ट कोणी उच्चारत नसे, पण ती ऐकण्याच्याही आधी ठरलेली असे. एकत्र पंगतीत जेवायचं म्हटलं की जात आलीच. किर्लोस्कर मंडळी बहुतांशी ब्राह्मणांची होती. केशवराव भोसल्यांसारखा गळा 'स्वदेशहितचिंतक' मंडळीत वाढला आणि पुढे स्वतःची कंपनी काढून उभा राहिला, ही हकिकत या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. आणि ज्या घराण्यांत मुली लहानपणापासून गाणं शिकत होत्या, त्या कलावंतिणींच्या मुलींना या दारात प्रवेशच नव्हता. स्त्रियांच्या वेगळ्या मंडळ्या होत्या, पण प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या कंपन्यांना नायिका हवी ती मुलग्यांतूनच.

इथे भरतमुनींची आठवण होते. नाट्यशास्त्रात भूमिकावाटपाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात तीन प्रकार सांगितले आहेत : पात्राच्या लिंगाला आणि वयाला साजेसा नट असला तर अनुरूप, पोरानं म्हाताऱ्याचं किंवा म्हाताऱ्यानं पोराचं काम केलं तर विरूप, आणि पुरुषानं स्त्री होणं किंवा स्त्रीनं पुरुष होणं हे रूपानुरूप. गंमत अशी, की गाणं स्वभावतः स्त्रियांना शोभतं आणि पठण पुरुषांना, असंही भरत म्हणतात. आमच्या मंडळ्यांनी नेमका उलटा कारभार केला. गाणं ठेवलं, गाणारी वगळली.

त्यामुळे सगळा भार आला मुलग्यांच्या गळ्यावर. आणि मुलग्याचा गळा बाराव्या-चौदाव्या वर्षी दगा देतो. आवाज फुटतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे भास्करबुवा बखले. जन्म १८६९, बडोद्याकडचा गरीब घरातला मुलगा. आवाज इतका गोड, की किर्लोस्कर मंडळीनं त्याला उचललं. १८८४ च्या 'रामराज्यवियोगा'त तो कैकेयी झाला आणि लोकांना आवडला. इंदूरच्या मुक्कामात बीनकार बंदे अली खाँ यांनी त्याचं गाणं ऐकलं आणि त्याला गंडा बांधला. एवढं सगळं झालं आणि आवाज फुटला. कालपर्यंत कौतुकाचा असलेला मुलगा कंपनीच्या दृष्टीनं निरुपयोगी ठरला. आता बघा, या मुलाची परीक्षा घेणारे चुकले होते का? त्यांनी जे ऐकलं ते खरंच होतं. आवाज सुंदरच होता. फक्त तो राहणार नव्हता, आणि ते कोणत्याही परीक्षेत ऐकू येत नाही.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून हा मोह आवरत नाही. आपल्याकडे सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासूनच असतं. तेल तिळात असतं म्हणूनच निघतं. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नव्यानं उत्पन्न होतं. कंपनीचे मालक सारे सांख्य होते. या पोरात उद्याची नायिका आहेच, फक्त बाहेर काढायची, असं धरून ते चालत. भास्करबुवांचं पुढचं आयुष्य मला नैयायिकांच्या बाजूची साक्ष वाटते. कंपनी सुटल्यावर त्यांनी बडोद्यात फैज महंमद खाँ, मग नत्थन खाँ, पुढे अल्लादिया खाँ अशा गुरूंपाशी वर्षानुवर्षं घासून नवा गळा तयार केला. तो जुन्या गळ्यात दडलेला नव्हता. तो मेहनतीतून निपजला. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'च्या चाली त्यांच्या. म्हणजे ज्या गायकाला नाटकानं टाकून दिलं होतं, त्याच्याच चालींवर नाटक पुढे जगलं.

आता ते वय आठवा. भाऊराव आले एकोणिसाव्या वर्षी. दुसरे बालगंधर्व. नारायण राजहंस यांचा जन्म १८८८ चा. जळगावला मेहबूब खाँ यांच्याकडे थोडं गाणं झालेलं. कानाचं दुखणं होतं, ऐकायला कमी येत असे. शाहू महाराजांनी उपचारांसाठी मिरजेला पाठवलं आणि त्यांच्याच शब्दानं किर्लोस्कर मंडळीचं दार उघडलं. भाऊराव १९०१ मध्ये वारल्यापासून मंडळी नायिकेच्या शोधात होतीच. १९०५ मध्ये मिरजेला नारायणराव शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. म्हणजे मंडळीच्या दोन सर्वांत मोठ्या नायिका आल्या त्या आवाज ठरून गेल्यानंतरच्या वयात. पैज लहान मुलांवर लावायची आणि जिंकायची ती मोठ्यांवर, असं काहीसं झालं. आणि आजच्या पाच मिनिटांच्या चाचणीत कानानं अधू असलेला गायक टिकला असता का? तिथे गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर होता. त्याच्यापाशी पाच मिनिटं नव्हती, महिने होते. खरी परीक्षा तालमीत होत होती, दारात नव्हे.

लहानपणी येऊनही तरले असे अर्थातच आहेत. केशवराव भोसले पोरवयात 'शारदा' झाले, पुढे पुरुषी, दमदार गळा कमावला आणि १ जानेवारी १९०८ रोजी, अठराही पूर्ण नसताना, हुबळीला 'ललितकलादर्श' काढली. १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त तेच धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दीनानाथ मंगेशकरही किर्लोस्करांत पोरवयात आले. १९१८ ला 'बलवंत' मंडळी निघाली, नायिकाही केल्या, नायकही केले. पण नावं उरतात ती तरलेल्यांची. कंपन्यांबरोबर गावोगाव फिरलेली, आवाज फुटल्यावर पडदे ओढायला किंवा तिकिटं फाडायला लागलेली मुलं आत्मचरित्रं लिहीत नाहीत. चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी' किंवा गणपतराव बोडसांचं 'माझी भूमिका' वाचताना मी त्या न लिहिलेल्या पानांचा विचार करतो.

सगळ्यात धाडसी प्रयोग दामूअण्णा जोश्यांच्या 'बालमोहन' मंडळीचा. सगळा संच मुलांचा. सौदागर गोरे, म्हणजे पुढचे छोटा गंधर्व, १९२८ मध्ये दहाव्या वर्षी तिथे आले. विचार करा, संपूर्ण कंपनीचा आवाज साधारण एकाच सुमारास फुटणार! पण दामूअण्णांनी पोरं बदलली नाहीत, नाटकं बदलली. १९३३ मध्ये अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार' आलं आणि मुलांची मंडळी बघता बघता मोठ्यांची झाली. मला या सबंध इतिहासात हा निर्णय सर्वांत माणुसकीचा वाटतो, मग त्यामागे हिशेब का असेना.

तिकडे १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी आपल्या मंडळीतून स्त्रियांना घेऊन नाटकं केली. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. त्याआधी १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलला होता आणि कंपन्यांचा काळ संपत आला. स्त्रिया आल्या आणि एक अगदी व्यावहारिक अडचण नव्यानं उभी राहिली, ती पट्टीची. नायक-नायिका दोघे पुरुष होते तोवर एका पट्टीत भागत होतं. आता नायिकेची पट्टी वर, नायकाची खाली. द्वंद्वगीत कुणाच्या पट्टीत बसवायचं? पेटीवाला पहिल्यांदा पट्टी विचारतो तो यासाठी.

साठच्या दशकात संगीत नाटक पुन्हा उठलं तेव्हा निवडीची रीत पूर्ण पालटली होती. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'त रामदास कामत, १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'त वसंतराव देशपांडे. ही तयार झालेली माणसं. कंपनीत जेवणारी नव्हेत, नाइटवर काम करणारी. समोर मायक्रोफोन आला आणि खोलीपुरता आवाजही चालू लागला. कुमारवयात 'कालियामर्दन' चित्रपटात कृष्ण झालेल्या वसंतरावांना खाँसाहेब सापडले ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. जुन्या कंपनीत इतकी वर्षं वाट पाहायला कुणाला सवड नव्हती.